नवा हुप्या आला आणि पिल्लं मेली: नराला पकडून न्यावं का?

अचलपूरकडच्या एका संत्रा बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मळ्यालगतच्या चिंचांवर वर्षानुवर्षं वानरांची एकच टोळी राहते, साधारण वीस-बावीस जनावरं. तीन आठवड्यांपूर्वी पाच-सहा मोठे नर बाहेरून आले, दोन-तीन दिवस नुसता धुमाकूळ झाला, जुना हुप्या, म्हणजे टोळीचा प्रमुख नर, दिसेनासा झाला आणि आता एक वेगळाच नर टोळीत फिरतोय. तेव्हापासून तीन पिल्लं मेली. एका पिल्लाला तर त्याने लोकांदेखत आईच्या कुशीतून ओढून चावलं. गावात बोलणं सुरू आहे की हा नर पिसाळलाय, वनखात्याला सांगून त्याला उचलून न्यायला लावा.

यात खरे प्रश्न दोन आहेत. तो आजारी आहे का, हा पहिला. त्याला हलवल्यावर उरलेली पिल्लं वाचतील का, हा दुसरा आणि जास्त महत्त्वाचा. पहिल्याचं उत्तर बहुधा नाही. दुसऱ्याचंही नाही, उलट आणखी पिल्लं मरण्याची शक्यता वाढेल. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण तीनही पिल्लं त्यानेच मारली का हे तपासायला हवं. टोळीत सध्या मोठा नर एकच आहे की दोन, आणि काळी, म्हणजे अगदी तान्ही, पिल्लं किती उरली आहेत, यावरही पुढचं बरंच अवलंबून आहे. आणि हे सगळं काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानरांबद्दल चाललंय. लाल तोंडाच्या माकडांच्या कळपात अनेक नर एकत्र राहतात, त्यांचा हिशोब वेगळा.

आधी टोळीची बांधणी समजून घ्या. वानरांची टोळी ही मुळात माद्यांची असते. आई, मुली, मावश्या, आज्या जन्मभर त्याच टोळीत आणि त्याच शिवारात राहतात. नर मात्र येणारा-जाणारा. मैदानी भागातल्या बहुतेक टोळ्यांत पूर्ण वाढीचा नर एकच असतो, तोच हुप्या. वजन सतरा-अठरा किलोंच्या आसपास, मादीच्या दीडपट तरी. टोळीत जन्मलेले नर वयात येता येता बाहेर पडतात किंवा हाकलले जातात आणि नुसत्या नरांच्या टोळक्यात जाऊन राहतात. अशी टोळकी दोन-चारांपासून वीस-पंचवीसपर्यंतची असतात. आजूबाजूच्या दोन-तीन टोळ्यांच्या हद्दींवरून ती फिरत राहतात आणि कुठला हुप्या ढिला पडलाय याचा अंदाज घेत राहतात. तुमच्याकडे आलेले पाच-सहा नर हेच.

टोळीचा ताबा एका नराकडून दुसऱ्याकडे कसा जातो तेही ठरलेलं आहे. टोळकं एकत्र हल्ला करतं, कारण एकट्या नराला मुरलेला हुप्या सहसा दाद देत नाही. हुप्-हुप् असा घुमणारा आवाज, दात करकर वाजवणं, झाडांवरून धाडधाड उड्या, फांद्या हलवणं, आणि अधूनमधून खरोखरीची मारामारी. सुळ्यांच्या जखमा खोल असतात. जुना नर हटला की टोळक्यातला सगळ्यांत दांडगा आपल्याच साथीदारांना हाकलायला लागतो. यात कधी दोन दिवस जातात, कधी महिना. सगळ्यांना बाहेर काढल्यावर उरतो तो नवा हुप्या. जुन्याबरोबर त्याचे अर्धवट वाढलेले मुलगेही बहुतेक वेळा बाहेर पडतात. त्यामुळे टोळी अचानक लहान दिसायला लागते आणि लोकांना वाटतं वानरं मेली किंवा टोळी फुटली.

आता पिल्लांकडे येऊ. नराचा ताबा किती टिकतो याची जोधपूरकडच्या वानरांच्या अभ्यासातली सरासरी दोन वर्षांच्या थोडी वर भरते. काहींचा काही दिवसांतच संपतो, काहींचा पाच-सहा वर्षं चालतो. मादीचा गाभणकाळ साधारण दोनशे दिवसांचा, म्हणजे साडेसहा महिने. अंगावर पिणारं पिल्लू असेपर्यंत ती सहसा माजावर येत नाही. खायला भरपूर मिळणाऱ्या टोळीतही दोन बाळंतपणांत सव्वा वर्षाच्या आसपास अंतर पडतं, जंगलात ते दोन वर्षांच्याही वर जातं. हिशोब करून बघा. ताब्याच्या वेळी पिल्लू दोन महिन्यांचं असेल, तर त्याची आई पुन्हा गाभण राहायला आणखी सहा-सात महिने तरी लागणार. त्यापुढे गाभणकाळ धरला तर नव्या नराचं पहिलं पिल्लू वर्षभराने जन्मणार. ते निदान वर्षाचं होईस्तोवर नराचा सरासरी ताबा संपत आलेला असतो, आणि पुढचा नर आला तर त्या पिल्लाचीही तीच गत. उलट पिल्लू गेलं, तर आई आठवड्या-दोन आठवड्यांत माजावर येते आणि नव्या नराच्या गाठीशी चार-पाच महिने जास्तीचे जमा होतात. नर डोक्यात हिशोब मांडत नाही, हे सांगायला नको. पण असं वागणाऱ्या नरांची पोरं जास्त जगली आणि पिढ्यान्‌पिढ्या ते वागणं टिकलं.

हे आज नव्याने सुचलेलं नाही. युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळच्या टोळ्यांत ताबा बदलताना आणि त्यानंतर पिल्लं मरताना पाहिलं आणि १९६५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. जोधपूरहून एस. एम. मोहनोत यांनी १९७१ मध्ये तसंच नोंदवलं. त्याच दशकात सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या टोळ्यांवर काम करून वर दिलेला हिशोब नीट मांडला. त्यावर बराच काळ वाद झाला. फिलिस जे यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी मध्य आणि उत्तर भारतातल्या टोळ्या पाहिल्या होत्या, त्यांना असं काही दिसलं नव्हतं. त्यामुळे काहींचं म्हणणं होतं की ही गर्दीमुळे, माणसांच्या सान्निध्यामुळे आलेली विकृती आहे. नेपाळमधल्या रामनगरच्या जंगलात विष्ठेतला डीएनए तपासून १९९९ मध्ये निकाल आला: पिल्लांवर हल्ला करणारा नर त्या पिल्लांचा बाप नव्हता, एकाही प्रकरणात नाही. विकृती असती तर स्वतःची पिल्लंही अधूनमधून सापडली असती. वाद पूर्ण मिटला असं नाही, पण माझ्या मते तराजू बराच एका बाजूला झुकलाय.

प्रत्येक ताब्यात पिल्लं मरतातच असंही नाही. टोळीत दोन-तीन नर एकत्र टिकले तर जुन्या नराचा पिल्लांना आडोसा राहतो. ताबा अगदी हळू झाला, किंवा त्या वेळी टोळीत लहान पिल्लूच नसेल, तर काहीच घडत नाही. सर्वांत जास्त धोका काळ्या पिल्लांना. वानराचं पिल्लू जन्मतः काळपट-तपकिरी, तोंड आणि कान गुलाबी. तिसऱ्या महिन्यापासून रंग फिकट व्हायला लागतो, पाच-सहा महिन्यांत ते आईसारखं भुरं दिसतं. दूध सुटलेल्या वर्षभराच्या पिल्लाकडे नर सहसा ढुंकूनही बघत नाही.

आता तुमच्या सूचनेकडे, म्हणजे नर उचलून नेण्याकडे. सुगियामांनी धारवाडला नेमकं हेच करून पाहिलं होतं. एका टोळीतला एकुलता एक नर त्यांनी मुद्दाम काढून घेतला. जागा रिकामी राहिली नाही. शेजारच्या टोळीतला नर आत शिरला आणि पिल्लं मारली गेली. तुमच्याकडेही तसंच होईल. हाकलले गेलेले चार-पाच नर अजून शिवारातच असणार. हा नर पिंजऱ्यात गेला की त्यांच्यातला दुसरा येईल आणि आज वाचलेली पिल्लं त्याच्या तावडीत सापडतील. शिवाय त्याच्यापासून गाभण राहिलेल्या माद्यांची पिल्लंही पुढच्यासाठी परकी. एक नर हलवला की ही साखळी पुन्हा पहिल्या कडीपासून सुरू होते. ज्या शिवारातून दर वर्षी ‘त्रासदायक’ नर पकडून नेले जातात, तिथे पिल्लं का टिकत नाहीत याचं उत्तर बऱ्याचदा यात सापडतं. शिवाय नेलेला नर जिथे सोडणार तिथेही एखादी टोळी असतेच.

पिसाळल्याबद्दल. रेबीज कुठल्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो, वानरालाही. पण रेबीज झालेलं जनावर टोळीत रमत नाही. ते एकटं पडतं, तोल जातो, लाळ गळते, गिळता येत नाही, जे समोर येईल त्याला चावतं आणि लक्षणं दिसल्यापासून काही दिवसांतच मरतं. तुमचा नर तीन आठवडे झाले तरी पाला खातोय, माद्यांकडून अंग साफ करून घेतोय, सकाळी हुपकारतोय, आणि त्याचा रोख फक्त लहान पिल्लांवर आहे. यातलं काही रेबीजशी जुळत नाही. तरीही कुणाला चावला किंवा ओरखडलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखान्यात जा. तिथे ‘वानर निरोगी होतं’ हा युक्तिवाद करू नका.

तीनही पिल्लं नरानेच मारली का, हे मात्र गृहीत धरू नका. मी मेलेल्या पिल्लाबद्दल कळलं की आधी फोटो मागतो, हात लावू नका म्हणतो. नराच्या चाव्याच्या जखमा थोड्या पण खोल असतात: कवटीवर, कुशीत, पोटावर, मांडीच्या सांध्यात. सुळ्यांची भोकं किंवा लांब चीर दिसते. विजेच्या तारेचा धक्का असेल तर तळहात-तळपाय भाजलेले, केस करपलेले, आणि जवळ खांब किंवा डीपी असते. वानरांच्या वस्तीत पिल्लं मरण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि ते सहज नजरेआड होतं. कुत्र्याने मारलेलं असेल तर मान आणि पाठ चुरगळलेली, चावे सगळीकडे. जखमच नसेल, आणि पिल्लांबरोबर मोठी वानरंही मरत असतील, तर गोष्ट निराळी. तेव्हा विषबाधा किंवा आजार मनात धरा. तुमच्या भागात हा धोका कमी, पण सिंधुदुर्गातल्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावं: २०१६ पासून तिथे माकडताप आढळतोय. त्यात माकडं-वानरं मरतात आणि मढ्यावरच्या गोचिडी जमिनीवर उतरून माणसांना चावतात. तिथे मेलेल्या वानराजवळ जायचंच नाही, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवायचं.

दुसरीकडे, माद्या काही मुकाट्याने बसत नाहीत. पिल्लाची आई, तिच्या बहिणी आणि विशेषतः म्हाताऱ्या माद्या नरावर धावून जातात, त्याला घेरतात, थपडा मारतात. वानरांत तरण्या मादीचा मान जास्त असतो आणि वय वाढेल तशी ती उतरंडीत खाली जाते, पण पिल्लासाठी जिवावर उदार होणाऱ्यांत म्हाताऱ्याच पुढे दिसतात. म्हाताऱ्या मादीला स्वतःची पोरं होण्याची शक्यता संपत आलेली, आणि धोक्यात असलेलं पिल्लू तिची नात किंवा भाची. काही आया पिल्लू घेऊन टोळीपासून बाजूला राहतात, कधी हाकललेल्या जुन्या नराच्या आसपास. काही माद्या गाभण असूनही नव्या नराला माजाच्या खुणा देतात आणि त्याच्याशी जुगतात: डोकं झरझर हलवायचं, शेपूट खाली सोडायची, बूड त्याच्याकडे वळवायचं. वानरीत माकडिणीसारखी माजावर सूज दिसत नाही, त्यामुळे या हालचाली हीच खूण. पुढे जन्मलेलं पिल्लू नराला आपलंच वाटण्याची शक्यता त्यातून वाढते असं मानलं जातं. हा डाव प्रत्येक वेळी साधत नाही. काही गाभण माद्यांचा ताब्यानंतर गर्भपात होतो, जोधपूरला त्याच्या नोंदी आहेत.

मेलेलं पिल्लू आई कित्येक दिवस काखोटीला मारून फिरवते, उन्हाळ्यात ते वाळून चामड्यासारखं होईपर्यंत. ते हिसकावून घ्यायला जाऊ नका. ती सोडून देईल तेव्हा खड्डा करून पुरा, तेही हातमोजे घालून.

आता करायचं काय ते सांगतो. फटाके, गलोल, कुत्री हे सगळं निदान पुढचे दोन महिने बंद ठेवा. मळ्यातून हुसकावायचं असेल तर दोन माणसांनी एका बाजूने हळू चालत जा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा. एकदम पळापळ झाली की पिल्लू आईपासून सुटतं, पोटाला चिकटलेलं पिल्लू दुसऱ्या मादीकडे राहतं, आणि नराला हवी ती संधी तुम्हीच देता. वानरांत पिल्लं एकमेकींकडे सांभाळायला देण्याची पद्धत आहे, जन्मल्याच्या दिवसापासून. शांत टोळीत ही सोय, धावपळीत हाच घात.

खायला घालू नका. बिस्किटं, चपात्या, केळी, शेंगदाणे, काहीच नाही. वानराचं पोट गाई-म्हशीसारखं कप्प्यांचं असतं आणि त्यात जिवाणू पाला आंबवतात. म्हणून ते जून पाला, कच्ची फळं, बिया पचवू शकतं. साखर-पिठाचा मारा झाला की पोटात आम्ल वाढतं, जुलाब लागतात, पिल्लांना तर लवकर. शिवाय एका ठिकाणी खाणं पडलं की दोन टोळ्या आणि बाहेरचे नर तिथेच एकत्र येतात आणि ताब्याचे हल्ले वाढतात. मारुतीला वाहिलेलं खोबरं त्यांना द्यायचा मोह होतो हे कळतं, पण देवळाच्या पायरीवर जमणारी टोळी डांबरी रस्त्यावर गाड्यांखाली येते हे तुम्हाला माहीत असेलच.

पिल्लू जमिनीवर एकटं सापडलं तर लगेच उचलू नका. पन्नास-साठ पावलं मागे सरा, लोकांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा आणि वाट पाहा. टोळी जवळ असेल तर आई किंवा दुसरी मादी बहुतेक वेळा उतरून घेऊन जाते. ते जखमी असेल, किंवा टोळी निघून गेली आणि अंधार पडत आला, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गाईचं दूध पाजू नका, घरी ठेवू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली वानर पकडणं, बाळगणं, मारणं गुन्हा आहे, आणि नर हलवायचा झाला तरी तो निर्णय गावाने नव्हे, वनखात्याने परवानगी घेऊन करायचा.

नोंद ठेवायची तयारी असेल तर एक साधी वही पुरते. आठवड्यातून एकदा, सकाळी टोळी झोपायच्या झाडावरून उतरते तेव्हा मोजा. सगळ्यांत चांगली जागा म्हणजे जिथे त्यांना मोकळं मैदान, रस्ता किंवा भिंत ओलांडावी लागते. तिथे ती एकामागून एक जातात, झाडात मोजताना हमखास चुकतं. रकाने पाच: मोठा नर, माद्या, अर्धवट वाढलेले, काळी पिल्लं, भुरी पिल्लं. नराची ओळख कानाच्या फाटलेल्या कडेवरून, शेपटीच्या गाठीवरून किंवा ओठावरच्या वणावरून पक्की करा, ‘मोठा आहे’ एवढं पुरत नाही. वहीच्या मागच्या पानावर बाहेरच्या नरांचं टोळकं कुठल्या दिशेला आणि किती जणांचं दिसलं तेही लिहा. ते जवळपास असेपर्यंत ताबा पक्का झाला असं समजू नका.

तारखांचा अंदाजही करता येतो. ताबा झाला त्या दिवसापासून पहिला महिना-दीड महिना सर्वांत धोक्याचा, त्यानंतर काळ्या पिल्लांवरचे हल्ले सहसा विरळ होतात. पण ताब्याच्या आधीच गाभण असलेल्या माद्या पुढचे साडेसहा महिने विणार, आणि ती पिल्लं जुन्या हुप्याची. तेवढा काळ जन्मलेल्या प्रत्येक पिल्लावर लक्ष ठेवा. सात महिन्यांनंतर जन्मणारी पिल्लं बहुतेक नव्या नराची, आणि त्यांच्याबाबतीत हाच नर राखणदार होतो: बाहेरचं टोळकं दिसलं की पुढे होऊन हुपकारणारा, बिबट्याची चाहूल लागली की खाकरून ओरडणारा. जन्माची तारीख आणि पिल्लू किती दिवस दिसलं हे दोन आकडे लिहिलेत, तर वर्षभराने वनखात्याशी बोलताना गावाच्या हातात काहीतरी ठोस असेल.